कालव्यातले तांडेल

होडीत छत्री उघडून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. होडी म्हणजे कायाक, दोन माणसांची, केळ्यासारखी लांबट, कुणी शिंकलं तरी डुलणारी. पुढे मी, मागे ते. मी वल्हवतोय, घामाने डोळे चुरचुरतायत आणि मागून शांत आवाज येतोय, "इंजिनियर, जरा डावीकडे. घाई नाही." मान वळवून बघावं तर गृहस्थ इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट, खिशाला पेन आणि डोक्यावर काळी छत्री अशा थाटात बसलेले. त्यांचं वल्हं मांडीवर आडवं. ते भाड्याने घेतलेलं होतं, पण ते वापरायचंही असतं अशी त्यांची समजूत नसावी.

त्यांचं नाव सांगत नाही. ते हे वाचतील आणि फोन करून चुका सांगतील. आम्ही त्यांना तांडेल म्हणायचो. कोकणात होडीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात, आणि हे नाव माझ्या कंपनीतल्या सावंतने थट्टेने ठेवलं होतं. कारण तांडेल जवळजवळ तीस वर्षं सिंगापूरला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात होते, पण जहाजावर त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. कुठलं जहाज कुठल्या बंदरात कधी शिरेल आणि कधी सुटेल हे ठरवायचं त्यांचं काम. जगातल्या बंदरांच्या भरती-ओहोटीच्या वेळा त्यांना तोंडपाठ. आणि स्वतः एकदा शेजारच्या बाटाम बेटावर फेरीबोटीने गेले, तर बंदर सुटायच्या आधीच ओकायला पिशवी मागितली.

मी एकदा त्यांच्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात गेलो होतो. खिडकीबाहेर अख्खा समुद्र पसरलेला. बाकीच्यांनी आपापल्या खुर्च्या तिकडे तोंड करून ओढलेल्या, यांची एकट्याची समुद्राकडे पाठ. असं का, विचारलं तर म्हणाले, "खरं जहाज दिसलं की हिशेब चुकतो."

ते आमच्याच ब्लॉकमध्ये, मरीन परेडला, नवव्या मजल्यावर एकटे राहायचे. मी त्यांच्या वर पाच मजले, बायको आणि मुलीसह. माझी नोकरी जुरोंग आयलंडवर, म्हणजे शहराच्या एका टोकाला राहून दुसऱ्या टोकाला जायचं. पहाटे कंपनीची बस, गळ्यात पास, शेजारी तोंड उघडं टाकून झोपलेला सावंत. काम काय, तर टाक्यांमधल्या पातळ्या बघायच्या. कुठल्या टाकीत द्रव किती वर आला, किती खाली गेला, यावर माझं आणि माझ्या घरच्यांचं पोट चालतं. हे जरा लक्षात ठेवा. पुढे यावरूनच माझी शोभा होणार आहे.

जून महिन्यात इथल्या शाळांना सुट्टी लागते आणि आमच्याकडच्या बायका मुलांना घेऊन भारतात जातात. नवरे मागे राहतात. हा रिवाज इतका पक्का आहे की जूनमध्ये आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये चुरगळलेला शर्ट दिसला की तो मराठी समजावा. माझ्या बायकोने जाण्यापूर्वी फ्रीझरमध्ये डबे रचून प्रत्येकावर वार लिहिला होता. मी सोमवारीच चुकून बुधवार खाल्ला आणि मग महिनाभर माझे वार जुळलेच नाहीत.

त्या वर्षीच्या जूनमध्ये एका संध्याकाळी तांडेल लिफ्टमध्ये भेटले. एरवी ते लिफ्टमध्ये बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, "इंजिनियर, रविवार मोकळेच ना तुमचे? कालवे बघू या. बोटीने."

मी म्हटलं, "कुठले कालवे?"

"आहेत तेवढे सगळे." नववा मजला आला. ते उतरले. मी तोंड उघडेपर्यंत दार बंद झालं होतं, आणि ते उघडं तोंड त्यांनी होकार म्हणून धरलं असावं. कारण दोन दिवसांनी निरोप आला की शनिवारी शिकवणीला यायचं आहे, सोबत सावंतला आणि नितीनला आणा, दोन बोटींना चार माणसं लागतात. नितीन आमच्या मजल्यावरचा, बँकेत. त्याच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असतं आणि ते आमच्यापैकी कुणाहीपेक्षा त्याला जास्त रागावतं.

आम्ही तिघं का गेलो, याचं उत्तर आजही नीट देता येत नाही. चाळिशी उलटलेल्या पुरुषाला रिकामा रविवार दिला की तो आधी झोपतो, मग कंटाळतो, आणि मग कुणी काहीही सुचवलं तरी चला म्हणतो. थकल्यावर माणसाला नाही म्हणायचेही कष्ट नको असतात.

सिंगापूरला कायाक भाड्याने घ्यायची तर आधी एक छोटा कोर्स करावा लागतो. त्यात मुख्य परीक्षा म्हणजे बोट मुद्दाम उलटी करून तिच्याखालून बाहेर यायचं. शिकवणारी चिनी मुलगी विशीतली असेल. आमच्याकडे बघून तिचा चेहरा जरा उतरलाच. सावंतने उलटण्याआधी गणपतीपासून सगळ्यांना नावानिशी बोलावलं. मी बाहेर आलो तो खोकत, नाकातोंडात पाणी. तांडेलांची पाळी आली तेव्हा त्यांनी चष्मा काढून त्या मुलीच्या हातात दिला. पेन खिशातच. ती म्हणाली, "अंकल, कॅन ऑर नॉट?"

"कॅन," म्हणाले आणि शांतपणे उलटे झाले. बराच वेळ वर आलेच नाहीत. ती मुलगी पाण्यात उडी टाकणार एवढ्यात तांडेल उगवले, केस चापून बसलेले, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि आम्हाला म्हणाले, "खाली छान गार आहे. तापतं ते नुसतं वरचं पाणी."

सर्टिफिकेट मिळाल्यावर आम्ही हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, बसलो. तांडेलांची कॉफी ठरलेली, काळी, बिनसाखरेची, आणि ती पूर्ण गार झाल्याशिवाय ते कपाला हात लावत नसत. त्या दिवशी कप गार होईपर्यंत त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं, एखादं जहाज उशिरा येतंय हे कळवावं त्या आवाजात.

ते इथे कामाच्या दोन वर्षांच्या पासवर आले होते. आज ना उद्या परत जायचंच आहे म्हणून त्यांनी पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, कधी अर्ज केला नाही. दोन वर्षं संपली की अजून दोन, ती संपली की अजून दोन, असं करत निवृत्तीचं वय झालं. मूलबाळ नाही. बायको सुरुवातीला इथेच होती. मग पुण्याला येऊन राहिलेल्या तिच्या वडिलांनी अंथरूण धरलं म्हणून ती गेली, दोन-तीन महिन्यांसाठी. वडील तीन वर्षं अंथरुणावर होते. तोवर तिने तिथे बालवाडी काढली, मग बालवाडीचा व्याप वाढला, आणि ती तिथेच राहिली. याला आता बारा वर्षं झाली होती. भांडण नाही, तंटा नाही. हे वर्षातून एकदा जायचे, पाहुण्यासारखे.

"आता ऑफिस म्हणतंय, अजून दोन वर्षं राहा," तांडेल म्हणाले. "जूनअखेर उत्तर द्यायचंय."

"आणि वहिनी काय म्हणतायत?" नितीनने विचारलं.

"ती म्हणते, या वेळी सही केलीत तर मग तिकडेच राहा. मला आता सवय झालीय."

आम्ही तिघंही आपापल्या कपात बघायला लागलो. सावंतला गप्प बसवत नाही, त्याने विचारलंच, "मग ठरलं काय?"

"कालवे होऊ देत," तांडेल म्हणाले. "ऑफिसला तसंच कळवलंय." आणि गार कॉफी एका दमात प्यायले. त्यांच्या ऑफिसला या उत्तरातून काय बोध झाला असेल कोण जाणे.

तर असे आमचे रविवार सुरू झाले. कालांग नदीच्या पाण्यावर बोटी घ्यायच्या आणि तिथून फुटणारे कालवे एकेक करून आत बघून यायचे. पहिल्या रविवारी गेलांगचा, दुसऱ्या रविवारी रोचोरचा, असे. कालवा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काही हिरवंगार आलं असेल तर ते पुसून टाका. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या उतरत्या भिंती, वर घरांचे ब्लॉक, खिडक्यांतून बांबूंवर वाळत घातलेले कपडे, मधूनच एखादा बगळा वैतागलेल्या कारकुनासारखा उभा. एकदा पाणमांजरांचं कुटुंब आडवं गेलं. मासे खाताना त्यांचा कडाकडा आवाज ऐकून सावंत म्हणाला, "बघा, यांचं सगळं कुटुंब इथेच आहे."

वेळेचं मात्र तांडेलांनी आमच्यावर सोडलं नव्हतं. भरतीबरोबर आत शिरायचं आणि ओहोटीबरोबर बाहेर यायचं, म्हणजे पाणीच नेतं आणि पाणीच आणतं, श्रम निम्मे. हे त्यांचं म्हणणं आम्हा दोन इंजिनियरांना फार पटलं. फक्त त्यापायी शहाण्या माणसाची वेळ कधी मिळाली नाही. बाकीची मंडळी सकाळी गारव्यात वल्हवून घरी जायची तेव्हा आम्ही पोचायचो. एका रविवारी भर बारा, पुढच्या रविवारी दुपारचे तीन. बोटी देणारा माणूस आम्हाला आणि आकाशातल्या सूर्याला आळीपाळीने बघायचा. माझ्या मानेचं कातडं निघालं, तळहाताला फोड आले, सोमवारी बसमध्ये पास दाखवायला हात वर जाईना. पण शास्त्रोक्त थकवा आहे, असं मी स्वतःला समजावत होतो. परत येताना पाणी खरंच ओढून नेतंय असं मला जाणवायचं. शपथेवर सांगतो, जाणवायचं. सावंतला तर त्याचा वेगही कळायचा.

तांडेलांचं शास्त्र एवढंच नव्हतं. बोटीत बसण्यापूर्वी पाण्याला बोट लावायचं आणि ते शर्टाला पुसायचं नाही, तसंच वाळू द्यायचं. पुलाखालून जाताना बोलायचं नाही. कुणी बोललंच तर पूल संपेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. कुठलाही निर्णय विचारला, जेवायला कुठे जायचं इतका साधा, तरी म्हणायचे, "पाणी ठरवेल." शेवटी नितीन वैतागून म्हणाला की पाणी नेहमी त्याच चायनीज स्टॉलचं का ठरवतं.

तिसऱ्या रविवारी आम्ही आत गेलो आणि आभाळ फुटलं. विजा चमकायला लागल्या की पाण्यावर थांबू देत नाहीत, पण परत जाण्याइतका वेळच नव्हता. एका ठेंगण्या पुलाखाली दोन्ही बोटी भिंतीला लावून बसलो. बाहेर पावसाची भिंत उभी. पुलाखाली एक थेंब पडत नसताना तांडेलांनी छत्री उघडली. मग पायाशी ठेवलेला डबा काढला आणि दडपे पोहे एका बोटीतून दुसऱ्या बोटीत फिरू लागले. ओलं खोबरं, मिरची, वर कच्चा कांदा. मी विचारलं, हे कुठे शिकलात? पूल अजून संपला नव्हता, म्हणून उत्तर मिळालं नाही. पाऊस थांबून उजेडात आल्यावर मागून आवाज आला, "तिच्याकडे. ती खाडीकाठची आहे."

तोवर पाणी पिवळं होऊन भिंतीवर चांगलं हातभर चढलं होतं. सावंतने माझ्याकडे बघून मान हलवली. भरती.

प्रत्येक फेरीनंतर तांडेल काठाच्या पायरीवर बसून पुण्याला फोन लावायचे. एका कानाने कमी ऐकू येई, म्हणून स्पीकरवर. आम्ही बूट घालण्याच्या निमित्ताने तिथेच रेंगाळायचो. त्यांना त्याचं काही नव्हतं, आणि त्या बोलण्यात लपवण्यासारखंही काही नव्हतं.

"जेवलात?"

"जेवलो."

"पाऊस?"

"होता. तिकडे?"

"भुरभुर." मग तो स्वच्छ, शाळेतल्या बाईंचा आवाज विचारायचा, "आज भरती किती वाजता?"

तांडेल क्षणही न थांबता वेळ सांगायचे.

"बरं. ठेवते."

दर वेळी हेच. नितीन म्हणायचा, "माझी बायको विचारते इस्त्री बंद केलीस का. यांची भरती विचारते. प्रत्येकाचं नशीब." आम्ही हसायचो, पण त्या फोननंतर तांडेल पायरीवर थोडा वेळ तसेच बसून राहत, आणि मग आम्हालाही उठवत नसे.

शेवटच्या रविवारच्या आधी मी मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. पुण्यात मावसभावंडांच्या गराड्यात बसलेली, सातवीतली मुलगी. तिला माझं निघालेलं कातडं दाखवलं आणि भरतीचं गणित समजावून सांगायला लागलो. तिने आंब्याची कोय चोखत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, दॅट वन रिझरव्हॉयर, लाह. व्हेअर गॉट टाइड?"

मी म्हटलं, नीट मराठीत सांग.

मग तिने मला, तिथल्या सगळ्या मावसभावंडांसमोर, नीट मराठीत सांगितलं. नदी समुद्राला मिळते तिथे, मरीनाला, बराज बांधलाय, समुद्राच्या तोंडावर दारं बसवलीयत. आतलं सगळं पाणी पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. कालांग काय, गेलांग काय, सगळं त्याच साठ्यात. समुद्राचं पाणी आत येतच नाही. "प्रायमरीत सहलीला नेलं होतं आम्हाला. तू फॉर्मवर सही केली होतीस."

पलीकडून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. मी फोन ठेवला आणि बसून राहिलो. महिनाभर मी त्या पाण्यावर होतो. एका रविवारी वर असलेलं पाणी दुसऱ्या रविवारी तिथेच होतं. पावसाने चढलेलं मी भरती म्हणून मानेने मान्य केलं होतं. शिकवणीत याच पाण्यात उलटलो तेव्हा नाकातोंडात गेलेलं पाणी खारट नव्हतं. आणि मी पातळ्या बघून पोट भरणारा माणूस.

सावंतला सांगितलं तर तो आधी भांडला, मग म्हणाला की हे कंपनीच्या बसमध्ये कुणालाही कळता कामा नये. नितीन म्हणाला की त्याला पहिल्याच दिवशी शंका आली होती. "पण तुम्ही दोघं इंजिनियर. म्हटलं, असेल काहीतरी." मग प्रश्न उरला तांडेलांचा. त्यांना सांगायचं कसं? ज्या माणसाला जगातल्या भरत्या पाठ, त्याला त्याच्या दारातलीच बंद झाल्याचं माहीत नाही, आणि तो त्या पाण्याच्या भरवशावर आयुष्याचा निर्णय टांगून बसलाय. सर्वानुमते ठरलं की मी सांगावं, कारण त्यांच्या बोटीत मी असतो आणि माझं तोंड त्यांना दिसत नाही.

शेवटच्या रविवारी एकच पट्टा राहिला होता, बराजपर्यंतचा. दुपार तापलेली, वारा पाठीमागून. पूल संपेपर्यंत मी वाट बघितली. उघड्यावर आल्यावर पुढे बघतच विचारलं, "तांडेल, इथे भरती येते का हो?"

मागून काहीच आलं नाही. पूल तर संपला होता. मी वल्हवत राहिलो. समोर बराजची करडी दारं दिसायला लागली. त्यांच्या अलीकडे पिवळ्या तरंगत्या गोळ्यांची दोरी आडवी बांधलेली, त्यापुढे जायची मनाई. दारांपलीकडे उघडा समुद्र आणि त्यावर नांगरलेली जहाजं, रांगेने.

"नाही येत," तांडेल म्हणाले. "दारं बसली तेव्हापासून नाही. बाहेर येते. मी सांगतो ती वेळ खोटी नसते, इंजिनियर. फक्त पाणी इथवर पोचत नाही."

सावंत-नितीनची बोट शेजारी येऊन लागली होती. वारा आम्हाला दोरीकडे ढकलत होता, म्हणून नितीनने आमच्या बोटीची कड धरून ठेवली.

मग तांडेल बोलले. लग्न करून ते तिला घेऊन आले तेव्हा कालांगच्या काठाशी एका जुन्या ब्लॉकमध्ये राहत होते. ती कोकणातल्या खाडीकाठची. इथलं काही म्हणजे काही तिच्या ओळखीचं नाही, भाषा नाही, माणसं नाहीत, बाजारातला मासा नाही. ओळखीचं एकच, ते पाणी. ओहोटी लागली की चिखल उघडा पडायचा आणि माहेरचा वास यायचा. हे ऑफिसला निघताना तिला सांगायचे, आज भरती तीनला, आज साडेचारला. ती त्या वेळी खाली जाऊन काठाशी उभी राहायची. तेवढं झालं की दिवस निघायचा.

"ती गेल्यावरही विचारत राहिली," तांडेल म्हणाले. "फोनवर दुसरं काय बोलायचं? मी सांगत राहिलो. नंतर दारं बसली. पण भरती येत नाही असं सांगितलं असतं तर मग तिने काय विचारायचं?"

"मग आम्हाला भर उन्हात कशाला हो काढलंत?" सावंतने विचारलं. त्यात राग नव्हता, त्याच्याही मानेचं कातडं गेलं होतं.

"नुसती वेळ सांगून सांगून किती वर्षं काढायची," ते म्हणाले. "वाटलं, त्या वेळेला पाण्यावर तरी असावं. तेवढं तरी खरं."

मी मान वळवून बघितलं. छत्री मिटून त्यांनी पायाशी ठेवली होती आणि समुद्राला पाठ करून बसणारा हा माणूस डोळे बारीक करून त्या जहाजांकडे बघत होता. मग त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोन काढला. एरवी काठावर गेल्यावरच लावायचे, आज तिथेच लावला.

"जेवलात?"

"नाही अजून. पाण्यावर आहे."

"आत्ता? पाण्यावर?" तिकडे बालवाडी नव्हती, रविवार होता, मागे कुकरची शिट्टी झाली. "आज भरती किती वाजता?"

वेळ त्यांच्या तोंडात तयार होती. सकाळी त्यांनी आम्हाला सांगितलीच होती. ते म्हणाले, "इथे भरती येत नाही आता. बंद झाली. बरीच वर्षं झाली."

तिकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"बाहेर येते," तांडेल पुन्हा म्हणाले. "आपण राहायचो तिथे नाही येत."

"मग तिथे काय करताय तुम्ही?"

ती रागावून बोलली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उगाच उभ्या असलेल्या माणसाला विचारावं, तसं विचारलं. नितीनने आमच्या बोटीची कड सोडली नव्हती. तांडेल म्हणाले, "बघतो," आणि फोन पिशवीत घातला.

परत येताना वारा तोंडावर होता. आता ओढून नेणारी ओहोटी नाही हे कळल्यामुळे की काय, बोट जागची हलेना. माझे दंड भरून आले होते. एवढ्यात मानेवर गार पाणी उडालं. मागे तांडेल वल्हवत होते. महिन्याभरात पहिल्यांदा. चुकीच्या बाजूने, चुकीच्या तालात, माझ्या प्रत्येक फटक्याला अडवत. त्यांनी वल्हवू नये असं मला मनापासून वाटत होतं, पण मी तसाच वल्हवत राहिलो. आम्ही काठाला लागलो तेव्हा बोटी देणारा माणूस दिवे मालवून आमचीच वाट बघत उभा होता.

दोन दिवसांनी लिफ्टमध्ये भेटले. "कळवलं ऑफिसला," म्हणाले.

"काय कळवलंत?"

"नाही म्हणून." नववा मजला आला. उतरले.

पुढच्या वर्षी डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडे जाऊन आलो. कालव्याच्या रस्त्याला तळमजल्यावरचं लहान घर. वहिनी ठेंगण्या, चटपटीत, आणि वैतागलेल्या. मी बसतो न बसतो तोच माझ्यापुढे तक्रार मांडली. "तीस वर्षं जहाजं लावली, आता माझे डबे लावतात. मोहरी आतल्या बाजूला, जिरं बाहेर. म्हणे, आधी लागेल ते दाराशी. मला सकाळी हळद सापडत नाही. घेऊन जा यांना परत."

तांडेल खुर्चीत बसून चहा गार व्हायची वाट बघत होते. जरा वाळलेले वाटले. या घरात अजून त्यांचं नेमकं ठिकाण ठरलं नव्हतं, ते दिसत होतं. वहिनी खोलीतून जाताना दर वेळी ते पाय आत घेत, प्रवासात घ्यावेत तसे. दोघांचं फारसं बोलणंही नव्हतं. मला वाटलं, फोनवर निदान चार वाक्यं तरी ठरलेली होती.

उन्हं उतरायला लागली. वहिनी आतून पदराला हात पुसत आल्या, दाराशी चपला पायात सरकवत उभ्या राहिल्या आणि तिकडे तोंड करूनच विचारलं, "आज पाणी सोडलंय का हो कालव्यात?"

मी तांडेलांकडे बघितलं. सवयीने त्यांचं तोंड उघडलं. पण या कालव्याला भरती नाही, ओहोटी नाही, पाणी वरून सोडलं की येतं, आणि कधी सोडतील ते कुणी सांगत नाही.

"काय माहीत," ते म्हणाले.

"मग उठा. बघून येऊ."

ते उठले. चहा अजून वाफाळत होता, तो तसाच घटाघटा प्यायले. कोपऱ्यातली काळी छत्री घेतली. आभाळ स्वच्छ होतं. दारातून वहिनींनी मला सांगितलं, "तुम्ही बसा हं. गॅसवर दूध ठेवलंय, तेवढं बघा."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभा राहिलो. मोहरी आत, जिरं बाहेर. खिडकीतून कालव्याचा रस्ता दिसत होता. वहिनी पुढे, हे दोन पावलं मागे, मिटलेली छत्री टेकत. पातेल्यात साय हलली आणि दूध हळूहळू वर चढायला लागलं. या वेळी मात्र माझं लक्ष होतं. काठाशी येताच मी गॅस बंद केला.